उजाडायच्या आत

"आडनावावरून काही कळंना बाई हल्ली," मावशी म्हणाल्या.

मी गाडीच्या मागे वाकून बुटाची नाडी बांधत होते. बोनेटच्या बाजूला त्या दोघी उभ्या होत्या, त्याची आई आणि आईची धाकटी बहीण. अंधार इतका होता की त्यांना वाटलं मी बाकीच्यांबरोबर पुढे गेले आहे.

"कळायचं काय त्यात," त्याची आई म्हणाली. "आपल्यातलीच असंल. राहणं बघ तिचं, बोलणं बघ."

"बोलणं? जालन्यापासून इथवर आली, काच वर घेऊ का म्हणली, तेवढंच बोलली."

"मंग चांगलंय की. तिनं तुझ्यावानी तोंड चालू ठिवलं असतं तर मला डुलकी लागली नसती."

मावशी हसल्या. मी बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधायला घेतली. त्या चालायला लागल्याशिवाय मला उठून उभं राहता येत नव्हतं.

आम्ही पाच जण होतो. तो, त्या दोघी, आमच्या ऑफिसच्या अकाउंट्समधल्या ताई आणि मी. जानेवारी होता. जालना झोपलेलं असताना निघालो होतो. अंबडच्या स्टँडवर एक लालपरी आतले दिवे लावून रिकामी उभी होती. अंबडच्या पुढे डांबरी रस्ता सोडून एक कच्चा रस्ता डोंगराच्या पायथ्याशी जातो आणि तिथे त्याच्या घरची शेती आहे. दर वर्षी हुरड्याच्या पहिल्या दिवशी त्याची आई अंधारात डोंगर चढते. वर पत्र्याखाली देवीचा शेंदूर लावलेला दगड आहे. ज्वारीची पहिली कणसं त्याच्यापुढे ठेवायची, सूर्य वर येताना बघायचा, मग खाली येऊन हुरडा भाजायला आगटी पेटवायची. तोवर त्या घरात कुणी नव्या ज्वारीचा दाणा तोंडात टाकत नाही.

या वर्षी त्याने घरी सांगितलं होतं की ऑफिसातल्या दोघी जणी हुरड्याला येणार आहेत. ताईंना बोलावलं होतं ते मला बोलावता यावं म्हणून. हे ताईंना माहीत नव्हतं. आमच्याबद्दल ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं. तिथे तो मला मॅडम म्हणायचा.

ऑफिस म्हणजे बियाण्यांची कंपनी. तो विक्रीत होता, मी प्रयोगशाळेत. ओल्या कागदात बी गुंडाळून ठेवायचं, ठरलेल्या दिवशी उघडायचं आणि किती उगवलं ते लिहायचं, असं माझं काम. त्यात बोलावं लागत नाही म्हणून मला ते आवडायचं. तो नमुन्यांची पाकिटं घेऊन यायचा आणि पाकिटं ठेवून झाली तरी जायचा नाही. मी गप्प असायचे, तो बोलत असायचा. त्याच्या बोलण्यात गावं असायची, पावसाची तक्रार करणारे दुकानदार असायचे, आई असायची. आईच्या हातची तिळाची चटणी डब्यातून माझ्यासाठी यायची.

ओळख वाढायला लागली तेव्हा दुसऱ्याच महिन्यात मी त्याला सांगितलं होतं, आम्ही बौद्ध आहोत. कंपनीच्या गेटसमोर चहा पीत होतो. तो हसला आणि म्हणाला, "मी विचारलं का?"

त्या तीन शब्दांवर मी किती दिवस काढले असतील. मला वाटलं, किती मोठ्या मनाचा आहे. न विचारणं ही काही माणसांची नुसती सवय असते, हे मला तेव्हा कळलं नाही.

हुरड्याच्या आधीच्या आठवड्यात त्याने ठरवलं. म्हणाला, "डोंगरावर आई वेगळी असते. घरी सतरा कामं असतात, देवपूजा असते, बाबा असतात. डोंगरावर ती मोकळी असते. तिथंच सांगतो. उजाडायच्या आत सांगून टाकतो, मंग तुझ्यासमोरच काय ते होऊन जाईल." मी विचारलं, ती चिडली तर? तो म्हणाला, "चिडली तर पायी खाली येईल. खाली येईपर्यंत राग उतरतो."

माझा त्याच्यावर विश्वास होता. आता मी दुसऱ्या शहरात, दुसऱ्या कंपनीत, तसेच ओले कागद उघडते आणि त्या दिवसाकडे बघते, तेव्हा वाटतं की त्याचा स्वतःवरही होता. तो मुद्दाम फसवणारा नव्हता. तसा असता तर मला सोपं गेलं असतं.

डोंगर काही मोठा नाही. आमच्याकडचे डोंगर असतात तसाच, बोडका आणि वरून सपाट. पण पायथ्यापर्यंत हरभऱ्याच्या बांधावरून जावं लागतं आणि तेवढ्यात माझ्या पँटचे पाय गुडघ्यापर्यंत भिजले. शेताला रात्रीची लाइट होती, म्हणून कुठेतरी मोटर चालू होती आणि पाटात पाणी पडल्याचा आवाज येत होता. मोसंबीच्या बागेच्या बाजूने आणखी थंड वारा यायचा. त्याची आई साडी खोचून, रबरी चप्पल घालून सगळ्यांच्या पुढे होती. मोबाईलचा दिवा तिला लागत नव्हता. आम्ही मागून दिवे लावून ठेचकाळत होतो.

ताई पहिल्या चढालाच थांबल्या. "सूर्य काय, ऑफिसच्या गच्चीवरून पण दिसतो की हो."

"ताई, तो सरकारी सूर्य," तो म्हणाला. "हा आमचा घरचा आहे."

"घरचा आहे तर खाली बोलवा ना. मला कशाला वर न्यायलात?"

"चला ओ जल्दी," आई वरून म्हणाली. "आमच्या म्हसरं बघणाऱ्या मामांनी साठी ओलांडल्यावर पन चढला हा डोंगर. तुम्ही तर पोरी."

ताईंना पोरी म्हटलेलं ऐकून बरं वाटलं असावं. त्या काही न बोलता चढायला लागल्या. मीही हसले. मला ती बाई आवडत होती. फोटोत बघितली होती तेव्हा जराशी करडी वाटली होती, पण प्रत्यक्षात तिचा आवाज ऐकला की जवळ जाऊन बसावं असं वाटायचं. अर्ध्या वाटेवर तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं, माझ्या अंगात पातळ जॅकेट आहे हे तिला मोबाईलच्या उजेडातही दिसलं, आणि स्वतःची शाल काढून माझ्या खांद्यावर टाकली. मी नको म्हणाले तर म्हणाली, "मला चढताना उकडतं. घे गुमान."

शालीला खोबरेल तेलाचा आणि धुराचा वास होता.

एका मोठ्या दगडाशी आम्ही बसलो. मावशींनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून आधी माझ्यापुढे धरली आणि मी घटाघटा पाणी प्यायले. पिऊन झाल्यावर मला आई आठवली, माझी आई.

मी लहान असताना आम्ही जालन्यात मस्तगडाच्या बाजूला भाड्याने राहायचो आणि मधून मधून घर बदलावं लागायचं. आई मला घेऊन घरं बघत फिरायची. कुणी बसा म्हटलं, पाणी आणलं, की आई ग्लासला हात लावायची नाही. आधी म्हणायची, "आम्ही बौद्ध आहोत. चालत असेल तर बसते." मी खाली मान घालून स्वतःच्या शाळेच्या बुटांकडे बघत राहायचे. काही घरांत तो ग्लास तसाच आत परत गेला. काही घरांत पाण्यानंतर चहाही आला. बाहेर आल्यावर मी आईवर चिडायचे. मला वाटायचं, कुणी विचारलं नाही तर कशाला सांगायचं? आई म्हणायची, "नंतर कळलं की लोकं असं बघतात की आपणच फसवलं त्यांना. ते बघणं मला सहन होत नाही."

आणि मी बाटली अर्धी करून बसले होते.

"मूळ गाव कोणतं म्हणायचं तुमचं?" त्याच्या आईने विचारलं. सहज विचारलं. आमच्या भागात माणूस जरा आवडलं की हा प्रश्न येतोच.

"कुंभार पिंपळगावच्या जवळ."

"आता गं बाई. माझी नणंद पिंपळगावलाच दिलीये. गावात कुठंशी घर?"

गावात घर कुठे, हे विचारलं की संपतं. वेशीच्या आत की बाहेर, मारुतीच्या कुठल्या बाजूला, एवढ्यावरून सगळं कळतं. मी म्हणाले, "आता तिथं कुणी नाही. बाबा शिक्षक आहेत. नोकरीमुळे आम्ही जालन्यातच असतो."

"शिक्षक," ती मावशींकडे बघून म्हणाली. मावशींनी मान हलवली. मग मावशींनी पुढचा प्रश्न केला, जो मला येणार हे माहीत होतं.

"अन् मामाचं गाव?"

आमचं आडनाव असं आहे की ते चार प्रकारच्या घरांत सापडतं. पण त्याच्या शेजारी मामाचं आडनाव आणि मामाचं गाव ठेवलं की चारातली तीन घरं गळून पडतात. बायका हे लग्नांतून, बारशांतून वर्षानुवर्षं शिकलेल्या असतात.

मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्यासमोरच्या दगडावर एक पाय ठेवून उभा होता. मला वाटलं, आता. याहून चांगली वेळ येणार नाही. तो आता म्हणेल, आई, थांब, मी सांगतो.

बोलल्या त्या ताई. त्यांच्या मनात काही नव्हतं. बुद्धपौर्णिमेला त्या आमच्या घरी खीर खायला आल्या होत्या आणि माझ्या मामाशी त्यांच्या गप्पा रंगल्या होत्या. "अहो, हिचे मामा तर एकदम भारी माणूस. ते विहारा..."

"ताई, तुमचा मोबाईल वाजला का बघा," तो म्हणाला.

इतक्या पटकन म्हणाला की ताईंनी खरंच खिसा चाचपला. मोबाईल वाजला नव्हता. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. सगळं एकदम त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्या उठून माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी माझं कोपर धरलं. मामाचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

"काय म्हणत होत्या, विहिरीवर?" मावशी म्हणाल्या.

"काही नाही ओ, चांगला माणूस आहे," ताई म्हणाल्या.

मावशींनी ते सोडलं आणि त्या माझ्या कपाळाकडे वळल्या. "टिकली न्हाई लावत का गं तू?"

"कशी लावंल," त्याची आई माझ्या आधी म्हणाली. "इंग्रजी शाळेत शिकलेली ती, ह्यानं सांगितलंय ना. तिथं लावू देत न्हाईत, मंग सवयच जाती."

"उपास तरी कोणता धरती का?"

मी मान हलवली. नाही.

"इंग्रजी शाळेत उपास कोण शिकवणार?" पुन्हा तीच म्हणाली. "उलट आपल्या पोरांना म्हणतेत डबा संपवा. आमच्या भाऊजीची पोरगी बघ ना, देवीची आरती म्हण म्हणलं तर गूगल काढती."

दोघी हसल्या. मीही हसले. हे असं चालू राहिलं. माझ्याकडे जे जे नव्हतं ते सगळं तिने माझ्या शाळेच्या नावावर टाकलं, मायेने, मला सांभाळून घेत. टिकली नाही, उपास नाही, श्लोक येत नाहीत, बोलताना मध्येच मराठी शब्द सापडत नाही. तिच्या हिशोबाने मी तिच्याच घरातली मुलगी होते, फक्त इंग्रजी शाळेने जराशी बिघडवलेली. आणि मला ते इतकं ऊबदार वाटत होतं की मी नाही म्हणू शकले नाही. तिने मला दिलेली प्रत्येक गोष्ट खरं तर दुसऱ्याच कुणाला तरी दिलेली होती, आणि ती मी घेत होते.

त्या तिघी उठून पुढे गेल्या. ताई जाताना एकदा मागे वळल्या. तो बाटलीचं झाकण लावत मुद्दाम मागे राहिला होता.

पूर्वेला अंधार जरा पातळ झाला होता. अजून रंग नव्हता, फक्त डोंगराची कड दिसायला लागली होती.

"कधी सांगणार आहेस?" मी विचारलं.

"बघतेयस ना किती खूश आहे ती."

"तू उजाडायच्या आत म्हणाला होतास."

"अगं, म्हणालो होतो. पण आता आपोआपच होऊन राह्यलंय ना सगळं. तिला तू आवडलीस. मी विचार पण केला नव्हता इतकं आवडलीस." तो खरंच आनंदात होता. त्याचे दात दिसत होते. "आज सांगून कशाला मूड घालवायचा? पुढं बघू. लग्न झाल्यावर कळलं तरी काय फरक पडणारे? तोवर तिला तुझी सवय झालेली असंल."

"आणि तोवर कुणी विचारलं तर?"

"मी आहे ना. आत्ता सांभाळलं का न्हाई?" तो जवळ आला आणि त्याने शालीचं टोक माझ्या गळ्याभोवती नीट केलं. "तू तशी बोलतच न्हाईस कोणाशी. तेच बराबर आहे."

तो पुढे गेला. मी त्याच्या दिव्याकडे बघत उभी राहिले.

लहानपणापासून माझ्या न बोलण्याबद्दल मला ऐकून घ्यावं लागलं आहे. शाळेत इंग्रजीत चुकेन म्हणून बोलायचे नाही, घरी नातेवाइकांत मराठीत अडखळेन म्हणून. प्रगतिपुस्तकावर दर वर्षी तेच लिहून यायचं. तो पहिला माणूस होता ज्याला माझं गप्प बसणं चालत होतं. तो म्हणायचा, तुझ्याजवळ बसलं की डोकं शांत होतं. मी ते जपून ठेवलं होतं. त्या चढावर मला कळलं की माझ्या गप्प बसण्यात त्याला जागा मिळाली होती, काहीही न करता राहायची. आणि तिथे तो किती आरामात राहत होता.

मला रडू आलं नाही. पाय चालत राहिले.

वर पोहोचलो तेव्हा वारा इतका होता की पत्रा वाजत होता. देवी म्हणजे गुडघ्याएवढा दगड, शेंदराचे थर बसून गोल झालेला. त्याची आई आता कुणाशी बोलत नव्हती. तिने जागा हाताने झाडली, पिशवीतून कणसं काढली, हिरवी, दुधाळ दाण्यांची. त्यातली एक जुडी तिने माझ्या हातात दिली.

"हे घरातल्या पोरीनं ठेवायचं असतं," ती म्हणाली. "मला पोरगी न्हाई. दर साली हिची पोरगी ठेवायची, तिचं लग्न झालं. आता तू ठेव."

मावशींनी डोळ्याला पदर लावला. त्यांना लेकीची आठवण आली असावी.

मी त्याच्याकडे बघितलं नाही. मला भीती होती की तो हसत असेल. मी खाली बसून जुडी दगडापुढे ठेवली. मला देवीचं काही वाटलं नाही, तिच्यावर राग नव्हता आणि भक्तीही नव्हती. जे वाटत होतं ते मागे उभ्या असलेल्या बाईबद्दल. तिने कुंकवाची छोटी डबी उघडली, ताईंना लावलं, मावशींना लावलं, मग माझी हनुवटी धरून माझ्या कपाळाला लावलं. तिचं बोट गार होतं. डोळ्यांत पाणी आलं ते वाऱ्याने आलं असं तिला वाटलं असेल.

"बघ आता कशी दिसती," ती त्याला म्हणाली.

"मस्त," तो म्हणाला.

डोंगराची पूर्वेकडची कड थोडी पुढे आलेली आहे. तिथे बसायला सपाट खडक आहे. खाली सगळीकडे धुकं होतं, गोदावरीच्या बाजूला तर पांढरी चादर पसरल्यासारखं, आणि त्यातून एका गावाची पाण्याची टाकी तेवढी वर आलेली. आधी ती टाकी तांबूस झाली. मग तिच्या मागे कुठेतरी कारखान्याचा धूर केशरी झाला. मग बागांच्या रांगा उमटल्या, एकेक करत. सूर्य गोल आला नाही. धुक्यात दबलेला, चपटा आला.

"आला बघा तुमचा घरचा," ताई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज आता गमतीचा नव्हता. त्या माझ्याकडे बघत होत्या.

त्याची आई हात जोडून उभी होती. तो मोबाईलवर व्हिडिओ काढत होता. आधी सूर्य, मग आई, मग मावशी, मग मी. "मॅडम, जरा इकडं बघा," तो म्हणाला. मी बघितलं. मोबाईलच्या मागे त्याचा चेहरा दिसत नव्हता.

उजाडलं होतं. मला त्याच्यासाठी आणखी थोडा अंधार हवा होता, इतकं वाईट मला उजेडाचं कधी वाटलं नव्हतं. मी मनात अजूनही त्याला वेळ देत होते. सूर्य पुरता वर येऊ दे. हिने हात सोडू दे. व्हिडिओ संपू दे.

व्हिडिओ संपला. त्याने मोबाईल खिशात टाकला आणि आळस दिला. "चला, आगटी पेटवायची ना? भूक लागलीये," तो म्हणाला.

"थांब रे जरा," त्याची आई म्हणाली आणि माझ्याजवळ खडकावर येऊन बसली. तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला. उजेडात ती मला पहिल्यांदा नीट दिसली. तिच्या भुवया त्याच्यासारख्या होत्या. "आयतवारी आम्ही तुमच्याकडं येतो. तुझ्या मम्मीला खाली गेल्यावर फोन लावून दे मला. नुसतं चहाला येतो."

"हिचं नुसतं चहाला म्हणजे साडी-चोळी अन् नारळ बरूबर असतोय," मावशी म्हणाल्या. "माझ्या टायमाला पन असंच चहाला आल्ते लोकं. उठले ते तारीख काढूनच उठले."

"तू गप गं. पोरगी लाजून राह्यली."

"लाजू दे की. लाजायच्या वयातच लाजावं माणसानं. आपलं झालं आता."

त्याची आई हसत होती. तिने माझा हात स्वतःच्या मांडीवर घेतला होता आणि तिला मी काय म्हणते ते ऐकायचं होतं. मला आमचं घर दिसलं. ही बाई नारळ घेऊन आमच्या दारात आली आहे. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे, खाली मेणबत्ती. आई पाण्याचा ट्रे घेऊन बाहेर आली आहे. आणि ही बाई भिंतीकडे बघते, मग माझ्याकडे बघते. आणि माझी आई ते बघणं बघते.

मी त्याच्याकडे बघितलं. तो आईच्या मागे उभा होता. त्याने मान अगदी थोडी, कुणाला दिसणार नाही इतकी, हलवली. नको.

तो किती घाबरलेला आहे हे मला तेव्हा दिसलं. दगडाशी नव्हतं दिसलं, वाटेत नव्हतं दिसलं. त्याचा चेहरा उतरला होता. माझं त्याच्यावर तेव्हाही प्रेम होतं. ते कमी झालं असतं तर बरं झालं असतं असं आजही वाटतं, पण ते तसूभरही कमी झालं नव्हतं.

मी तिच्या हातातला हात काढून घेतला नाही. काढून घ्यायचा असेल तर तिने घ्यावा.

"काकू, तुम्ही घरी नक्की या," मी म्हणाले. माझा आवाज मला वाटलं त्याहून मोठा आला. "पण मी टिकली लावत नाही ते शाळेमुळे नाही. आम्ही बौद्ध आहोत. हे याला पहिल्यापासून माहीत आहे. आज हा तुम्हाला सांगणार होता. मी वाट बघत होते."